परदेशी बांधलेले घर आणि आपल्या मंदिराचे दार
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी प्रमुख धर्मगुरूने मंदिराचा पूर्वेतिहास सांगावा, अशी आपल्याकडे रीत आहे. पाया कोणी घातला, घंटा कोणाच्या देणगीतून चढली, वेदीचे काम कोणत्या सुताराने केले, हे सर्व समितीच्या चिटणीसांनी आताच उत्तम प्रकारे निवेदन केले आहे. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. आम्ही आज निराळा विषय घेतला आहे, आणि तो आम्हांस आमच्या कचेरीतील एका साध्या वहीने सुचविला.

बाप्तिस्म्याचे दाखले आणि शिफारसपत्रे आम्ही ज्या वहीत नोंदवितो, ती ही वही. पूर्वी हे दाखले बहुधा लग्नासाठी, नाहीतर मुलाचे नाव शाळेत घालण्यासाठी नेले जात. अलीकडे मात्र पाने चाळताना कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, दुबई, कुवेत ही नावे वारंवार दृष्टीस पडतात. दाखला नेणाऱ्यांत परिचारिका आहेत, अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत, जहाजावरील अधिकारी आहेत, संगणकाची विद्या शिकलेले तरुण आहेत. वसईच्या ज्या वाड्यांत एके काळी पानवेली, केळी आणि फुले यांवर संसार चालत, त्याच वाड्यांतील ही मुले होत. त्यांचे जाणे चांगले की वाईट, हा वाद आम्ही येथे उपस्थित करीत नाही. ती जात आहेत आणि पुढेही जातील. तिकडे गेल्यावर ती कशाच्या आधाराने उभी राहतात, आणि मागे राहिलेल्या आपणांस त्यातून काय शिकावयाचे आहे, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे, परदेशी जाणाऱ्या मनुष्यास दोन घरे बांधावी लागतात. पहिले घर उद्योगाचे. विद्या, परिश्रम व चिकाटी यांच्या बळावर ते एकट्यालाही बांधता येते. दुसरे घर समाजाचे; ते एकट्याच्याने कधीच होत नाही. आजारपणात दार ठोठावणारा, मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता होणारा, आणि वेळ आलीच तर शवपेटीला खांदा देणारा मनुष्य पगाराच्या पैशाने मिळत नाही. पहिल्या घराची चिंता आपण सर्वच करतो. दुसऱ्या घराचा विचार मात्र विमानतळावर निरोप देतेवेळीही कोणाच्या मनात येत नाही.

पवित्र शास्त्रात या दोन्ही घरांचे एक सुंदर उदाहरण आहे. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे यहुदी दांपत्य रोम शहरात राहत होते. क्लौद्य बादशहाने यहुद्यांस रोममधून घालवून दिले, तेव्हा ही दोघे करिंथ येथे येऊन राहिली. त्यांचा धंदा तंबू करण्याचा. संत पौल त्या शहरी आले. त्यांचाही धंदा तोच असल्याकारणाने ते या दांपत्याच्या घरी उतरले आणि त्यांच्याबरोबर कामाला बसले. पुढे हे दांपत्य इफिसास गेले व कालांतराने पुन्हा रोमला परतले. आणि या दोन्ही शहरी त्यांच्या घरी ख्रिस्तसभा भरू लागली, असे पौलाच्या पत्रांवरून आपणांस कळते. बादशहाच्या हुकुमाने त्यांचे घरदार गेले, परंतु हातातली कला गेली नाही. त्या कलेवर जे नवे घर उभे राहिले, त्याचे दार त्यांनी केवळ आपल्यापुरते ठेवले नाही. आमच्या मते विषयाचे सार एवढ्यातच आले आहे; पुढे सांगावयाचे ते या गोष्टीचा विस्तार होय.

आपल्या वसईपुरते पाहावयाचे, तर संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव कोणास ठाऊक नाही? त्यांच्या हौतात्म्याविषयी आपण दर वर्षी प्रवचने ऐकतो. परंतु ते एक परदेशी गेलेले, स्वकष्टाने वर आलेले उद्योगी गृहस्थ होते, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. वसईत जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. तेथे त्याने जपानी भाषा अशी आत्मसात केली की, लोक त्याचे बोलणे आवडीने ऐकत. नंतर त्यांनी व्यापार आरंभिला आणि त्यात त्यांस चांगले यश आले. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले, आणि ज्या भाषेच्या बळावर त्यांनी व्यापार केला होता, तीच भाषा जपानच्या सत्ताधीशापुढे दुभाष्याचे काम करताना त्यांच्या उपयोगी पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांस क्रुसावर देहदंड झाला; १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. जपानी लोकांची भाषा त्यांनी केवळ मालाचा भाव ठरविण्यापुरती शिकली असती, तर आज त्यांचे नाव घ्यावयास कोणी उरले नसते.

आता थोड्या अलीकडच्या काळाकडे वळू. मुंबईत धोबीतलाव आणि गिरगाव या भागांत गोवेकरांच्या ज्या कुडी होत्या, आणि त्यांतील काही अद्यापि आहेत, त्या आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिल्या असतील. गावाच्या नावाची एक कूड; तीत एक मोठी खोली, भिंतीलगत रांगेने मांडलेल्या ट्रंका, एका टोकास वेदी, आणि सायंकाळी नित्यनेमाने जपमाळ. खलाशी, आचारी, वाजंत्री, नोकरीच्या शोधात आलेला कारकून, या सर्वांना अल्प वर्गणीत तेथे पथारी टाकता येई. बोटीवरून उतरलेल्या आणि पुढच्या बोटीची वाट पाहणाऱ्या माणसाला त्या अफाट शहरात ओळखीचा चेहरा व आपल्या गावच्या संताची तसबीर, दोन्ही एकाच छपराखाली मिळत. परक्या शहरात पाय रोवण्याची याहून स्वस्त आणि याहून माणुसकीची व्यवस्था आमच्या पाहण्यात नाही.

यांतील कित्येकजण मुंबईच्या बंदरातून आगबोटीने पूर्व आफ्रिकेस गेले. १८९६ साली मोंबासापासून रेल्वेचे काम सुरू झाले व १९०१ साली ती व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोहोचली. रूळ घालण्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यत्वे पंजाबातून, तीस हजारांवर मजूर नेले होते, आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजार त्या कामावर मृत्यू पावले. १८९९ साली रेल्वेचा तळ म्हणून जेथे तंबू ठोकले, तेथेच पुढे नैरोबी शहर वाढले. या नव्या मुलुखातील कचेऱ्यांत, तिजोऱ्यांत आणि रेल्वेत गोव्याचे कॅथॉलिक कारकून व हिशेबनीस भरती झाले. शिंपी गेले, आचारी गेले, डॉक्टरही गेले. डॉ. रोझेंदो आयरिस रिबेरो हे त्या अगदी आरंभीच्या दिवसांत नैरोबीस पोहोचले. झेब्र्यावर बसून रोग्यांच्या घरी जाणारे डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती झाली, आणि गोवेकरांच्या शाळेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. शाळा, मंदिर, वाद्यवृंद, क्रीडांगण आणि सभागृह असा सर्व संसार त्या लोकांनी एका पिढीत तेथे उभा केला. हे करताना त्यांस कोणाचे साह्य होते असे नाही. त्या राज्यात गोरे वर, आशियाई मध्ये आणि आफ्रिकी खाली अशी तीन पायऱ्यांची रचना होती. वेतनही वर्णाप्रमाणे ठरे, आणि कितीही हुशार गोवेकर झाला तरी त्याच्या डोक्यावर एक छत असे, त्यापुढे बढती नाही.

बंधुभगिनींनो, येथपर्यंतची कथा अभिमानाची आहे. परंतु आम्ही धर्मगुरू आहोत, आणि अर्धी कथा सांगून थांबणे आम्हांस शोभणार नाही. जे लोक वरच्या पायरीवरील गोऱ्यांच्या तिरस्काराने पोळले होते, त्यांनीच आपल्या सभागृहांच्या दारांवर पहारे बसविले. कारकुनांची संस्था निराळी, शिंप्यांची निराळी. गावाकडील जातिभेदाची जुनी भिंत समुद्र ओलांडून तेथेही जाऊन पोहोचली. आणि ज्या आफ्रिकी लोकांच्या भूमीवर हे सर्व चालले होते, तो मनुष्य या सभागृहांत बहुधा दिसे तो हाती तबक घेऊन. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे लोक मिस्सा आटोपताच तीन दारांनी बाहेर पडत.

याला अपवाद होते, आणि त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. पियो गामा पिंटो यांचा जन्म १९२७ साली नैरोबीत झाला, शिक्षण गोव्यात व धारवाडला झाले. आफ्रिकी जनतेच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी लेखणी झिजविली आणि १९५४ पासून काही वर्षे स्थानबद्धता सोसली. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. पुढे पिंटो तेथील कायदेमंडळाचे सभासद झाले, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी राहत्या घराच्या दाराशी त्यांची हत्या झाली. जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोवेकर आणि आई मसाई जमातीची. त्यांचे शालेय शिक्षण हिंदुस्थानात झाले, आणि १९६६ साली ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. ज्यांनी त्या भूमीतील माणसास आपला म्हटले, त्यांना त्या भूमीनेही आपले म्हटले. परंतु असे लोक थोडे.

ऑगस्ट १९७२ मध्ये शेजारच्या युगांडा देशात ईदी अमीन याने आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडून जाण्याचा हुकूम दिला. तो हुकूम क्रूर होता, आणि त्याचा दोष त्या निर्वासितांच्या माथी मारणे आमच्या मनातही नाही. दुकाने, घरे, मोटारी, दागिने, सर्व मागे राहिले. मोजकी रक्कम आणि हातातली पेटी घेऊन कुटुंबे विमानांत चढली. सुमारे सत्तावीस हजार ब्रिटनला गेले, सहा-सात हजार कॅनडाला गेले. तेथे त्यांच्याजवळ उरले होते काय? अक्विला आणि प्रिस्किल्लाजवळ जे उरले होते तेच. शिक्षिकेजवळ तिची विद्या, हिशेबनिसाजवळ त्याची आकडेमोड, शिंप्याजवळ त्याची कात्री. आणि या सर्वांजवळ एकमेकांची माणसे. बर्फाच्या मुलुखात त्यांनी दोन्ही घरे पुन्हा बांधावयास घेतली.

या शेवटच्या गोष्टीशी आमच्या स्वतःच्या कुटुंबाचा संबंध कसा आला, ते आता सांगतो.

आमचा एक पुतण्या अभियंता आहे. काही वर्षांपूर्वी तो कॅनडास गेला. आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल की, त्या देशात केवळ येथील पदवीवर अभियंता म्हणवून घेता येत नाही; त्यासाठी तेथील प्रांताच्या मंडळाचा परवाना मिळवावा लागतो. परिचारिकेसही तेथील परीक्षा द्यावी लागते. नोकरी मागावयास गेले तर या देशातील अनुभव कोठे आहे, असे विचारतात. आणि नोकरीवाचून अनुभव यावा कोठून? त्यामुळे आमच्या पुतण्याने पहिला हिवाळा एका गुदामात खोकी उचलून काढला. घरी दूरध्वनीवर मात्र तो आमच्या वहिनींना सांगे, "आई, सगळे छान आहे." वहिनी शेजारणींना तेच सांगत. मुलगा खोटे बोलत होता, कारण त्याच्या जाण्यासाठी वडिलांनी वाडीचा तुकडा विकला होता, आणि त्या तुकड्याचे ओझे त्याच्या पाठीवर खोक्यांहून जड झाले होते.

रविवारी तो मिस्सेस जाई, मागल्या बाकावर बसे आणि शेवटचे गीत संपण्यापूर्वी निघून जाई. एका रविवारी दारापाशी एका वृद्ध बाईंनी त्याचा हात धरला. "तू कुठला रे बाबा?" असे त्यांनी कोंकणीत विचारले. त्याने वसई म्हणून सांगितले. त्या मूळच्या गोव्याच्या, परंतु जन्मल्या व वाढल्या कंपाला येथे, आणि १९७२ साली नवऱ्यासह दोन मुले व एक पेटी घेऊन कॅनडात उतरलेल्या. त्यांनी त्याच्या अंगावरील पातळ कोट पाहिला. दुसरे काही न विचारता त्यांनी त्याला घरी नेले, जेवू घातले, आणि निघताना आपल्या मयत यजमानांचा जाड कोट त्याच्या अंगात घातला. त्या म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा विमानतळावर कोणीतरी असाच कोट घेऊन उभा होता. तो आमच्या जातीचा नव्हता, गावचा नव्हता." त्याच बाईंच्या ओळखीने त्या धर्मग्रामातील एका फिलिपिनी अभियंत्याने पुतण्याला परवान्याच्या परीक्षेसाठी दर शनिवारी शिकविले. दोन वर्षांनी त्यास परवाना मिळाला. आता तो स्वतः त्या मंदिराच्या दाराशी उभा राहतो.

ही हकीकत त्याने आम्हांस सांगितली, तेव्हा आम्हांला आनंद व्हावयास हवा होता. आनंद झालाही, परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, आणि त्याचे कारण सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. तरीही सांगतो.

पूर्वी आम्ही एका अन्य धर्मग्रामात असताना, केरळातून आलेली एक परिचारिका आपल्या तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याविषयी विचारावयास कचेरीत आली. तिचे मराठी मोडके, आमचे मल्याळम शून्य. आम्ही तिच्या मूळ धर्मग्रामाचे पत्र मागितले आणि कचेरीच्या वेळात घेऊन येण्यास सांगितले. कचेरीची वेळ सकाळची. ती रात्रपाळी करून येई, त्या वेळी तिचे डोळे मिटत असत. दुसऱ्यांदा आली तेव्हा पत्रावर शिक्का नव्हता. तिसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही एका सभेत होतो, आणि पुन्हा या म्हणून निरोप पाठविला. चौथ्यांदा ती आली नाही. तिने मुलाचा बाप्तिस्मा दुसरीकडे करून घेतला, असे पुढे आमच्या कानी आले. आम्ही नियमाविरुद्ध काहीच केले नव्हते, आणि म्हणूनच त्या वेळी आम्हांस काही टोचले नाही. कंपालाच्या त्या वृद्ध बाईंनी आमच्या पुतण्याजवळ कोणते पत्र मागितले होते?

बंधुभगिनींनो, आज आपल्या मंदिरातील मागल्या बाकांवर कोण बसते, ते आपण वळून पाहिले आहे काय? इस्पितळांत आपल्या आईबापांची सेवा करणाऱ्या केरळच्या परिचारिका तेथे आहेत. झारखंडाहून आलेल्या, घरकाम करणाऱ्या मुली आहेत. तामिळनाडूचे, गोव्याचे, मंगळूरचे नोकरदार आहेत. सणाच्या मिरवणुकीत आपण त्यांस वर्गणी विचारतो, परंतु समितीत जागा विचारीत नाही. ही बाहेरची माणसे, असा शब्द आपल्या तोंडून किती सहज जातो! तोच शब्द आपल्या मुलाविषयी टोरांटोत किंवा मेलबर्नमध्ये कोणी उच्चारला, तर आपल्या काळजास घरे पडतील. आपली मुले परदेशी ज्या दाराशी उभी आहेत, तेच दार येथे आपल्या हाती आहे. आणि आपण ते कसे उघडतो यावरून प्रभू आपला न्याय करील, अशी आमची श्रद्धा आहे.

केवळ उपदेश करून आम्ही खाली बसणार नाही. महोत्सवी वर्षात तीन गोष्टी करावयाच्या, असे आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे मांडले आहे.

पहिली गोष्ट कचेरीची. पुढील महिन्यापासून आठवड्यातील दोन दिवस ती रात्री नऊ वाजेपर्यंत उघडी राहील. पाळीत काम करणाऱ्यास आता झोप मोडून यावे लागणार नाही, आणि कागद अपुरा असल्यास तो मिळविण्याचे काम त्याचे नसून आमचे राहील.

दुसरी गोष्ट दाराची. रविवारच्या प्रत्येक मिस्सेनंतर दोन कुटुंबे पाळीपाळीने मंदिराच्या दाराशी उभी राहतील. नवा चेहरा दिसला की नाव विचारावे, बिऱ्हाड कोठे आहे ते विचारावे, आणि शक्य असल्यास चहास घरी न्यावे. यास पैसा लागत नाही. या पाळीत प्रथम नाव आमचे लिहावे.

तिसरी गोष्ट जाणाऱ्यांची. परदेशी काम करून परतलेले अनेक अनुभवी गृहस्थ व भगिनी आपल्या धर्मग्रामात आहेत. महिन्यातून एकदा त्यांनी सभागृहात बसावे, आणि जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना व त्यांच्या आईबापांना खरी माहिती द्यावी: कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात, पहिल्या वर्षी किती हाल होतात, दलाल सरकारी नोंदणीचा आहे की नाही हे कसे पाहावे, आणि वाडी विकण्यापूर्वी कोणता हिशेब मांडावा. त्याचबरोबर, आईबापहो, आमची आपणांस एक विनंती आहे. मुलास दूरध्वनीवर पगार किती, असे विचारण्यापूर्वी रविवारी जेवलास कोणाबरोबर, असे विचारा. तो गप्प राहिला, तर त्याचे दुसरे घर अजून बांधावयाचे राहिले आहे असे समजा, आणि त्याच्याशी अधिक प्रेमाने बोला. आपण त्यास खरे बोलण्याची मोकळीक दिली, तर तो खोटे बोलणार नाही.

बाबेलास धरून नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिले होते, ते आपणांस आठवत असेल. त्या परक्या नगरात घरे बांधा, बागा लावा, आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असा त्याचा आशय होता. परदेशी असलेल्या आपल्या मुलांस आम्ही हेच सांगू. आणि जे आपल्या गावी परदेशी म्हणून आले आहेत, त्यांस घर बांधावयास विटा आपण पुरवू.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वाडवडिलांनी या मंदिराला तीन दारे ठेविली. ती वाऱ्यासाठी ठेविली असे सांगतात. पुढील पन्नास वर्षांत त्या तिन्ही दारांनी आत येणारा कोणीही मनुष्य मागल्या बाकावर एकटा बसू नये, आणि आपले जे कोणी दूरदेशी आहेत त्यांसही तेथे कोणी हाताला धरून पुढे न्यावे, अशी त्या दयाघन पित्याजवळ, पवित्र मरिया माता आणि संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीने, प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.

आमेन.